मी आपला बसायला आलोय

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. मी आजवर चौदा टेस्ट ड्राइव्ह घेतल्यात आणि गाड्या विकत घेतल्यात शून्य. पुण्यातल्या निम्म्या शोरूम्सच्या रजिस्टरमध्ये माझं नाव आणि मोबाइल नंबर आहे. ‘मॅडम, मग काय ठरलं?’ असे फोन येतात आणि ‘घरी विचारून सांगते’ हे माझं पाठ उत्तर असतं. आता मी फ्लॅटमेटबरोबर राहते आणि घरी विचारायला फक्त एक मनीप्लँट आहे, ही गोष्ट वेगळी!

काय करणार, वेडच आहे. मैत्रिणी विंडो शॉपिंगला मॉलमध्ये जातात, मी कार शोरूममध्ये जाते. दार लावून बघायचं, ‘धप्प’ आवाज येतो की ‘ठण्’ ते ऐकायचं. बॉनेट उघडायला लावायचं. सीट मागेपुढे करायची. मग एसीतली फुकट कॉफी प्यायची आणि स्कूटीवरून घरी. स्वस्त आणि निरुपद्रवी छंद.

पण २०२५ च्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी पंधराव्यांदा गेले ती खरंच गाडी घ्यायला. आणि सोबत होता माझा कराडचा मामा.

हे वेड मामाचंच. त्याच्याकडे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी होती. स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा, पुढे सलग सोफ्यासारखी सीट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या सीटवर मधोमध बसायचे आणि मामा क्लच दाबून ‘हां, टाक’ म्हणाला की दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. सहा-सात वर्षांची असेन. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा सगळ्या पेपरांनी हळवे फोटो छापले. मला मात्र पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास आठवत होता.

पुढे मी ऑटो मॅगझिन्स जमवायला लागले. कुठल्या गाडीला किती सीसी, किती टॉर्क, शून्य ते शंभर किती सेकंदांत, सगळं तोंडपाठ. बारावीत फिजिक्सला जेमतेम पास झाले. पण नातेवाइकांमध्ये ‘तिला गाड्यांतलं कळतं’ अशी माझी कीर्ती झाली. कुणाच्याही घरी नवीन गाडी घ्यायची ठरली की मला फोन. आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती देते?’ त्याचं उत्तर मी झोपेतही दिलं असतं.

२०१४ च्या दसऱ्याला मामाने आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. सहकारी बँकेतली नोकरी, दोन मुलांची शिक्षणं, त्यातून जमवलेले पैसे. शोरूममध्ये दोन व्हेरियंट होते. एक एअरबॅगवाला आणि एक बिनएअरबॅगचा, मधे पंचेचाळीस हजारांचा फरक. त्या काळात आपल्याकडे हे चालायचं. एअरबॅग ही ऑप्शनल गोष्ट होती, सीट कव्हरसारखी. मामाने माझ्याकडे बघितलं.

मी सतरा वर्षांची होते. म्हटलं, ‘एअरबॅग काय करायच्यात मामा? तू काय रेस लावणारेस? त्यापेक्षा अलॉय व्हील्स टाक आणि म्युझिक सिस्टीम चांगली घे.’

मामाने अलॉय टाकले. म्युझिक सिस्टीमही घेतली.

आता यातला खरा भाग सांगते. त्याच वर्षी जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले होते. ताशी ६४ किलोमीटरने गाडी अडथळ्यावर आदळवायची आणि आतल्या डमीचं काय होतं ते बघायचं. बिनएअरबॅगच्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. ही बातमी मी वाचली होती. वाचून पान उलटलं होतं, कारण पुढच्या पानावर एका स्पोर्ट्स कारचा फोटो होता.

जानेवारी २०१७. उसाचा सीझन. तुम्ही त्या महिन्यांत कधी रात्री सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गाडी चालवली असेल तर तुम्हाला कळेल. ऊस भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मामाला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्याने बेल्ट लावलेला होता, म्हणून तो आज आहे. पण तोंड स्टिअरिंगवर आदळलं आणि जबडा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे दातांना तारा बांधून जबडा बंद. गप्पा मारून अख्खं लग्नघर जागं ठेवणारा माणूस पाटीवर लिहून पाणी मागत होता. मामी सगळं मिक्सरमधून काढून स्ट्रॉने द्यायची. आमटी-भाकरी, शिरा, एकदा तर पुरणपोळीसुद्धा!

मामा बरा झाला. पण जबडा पूर्ण उघडत नाही. वडापाव तो आजही तुकडे करून खातो. आणि त्याने परत गाडी चालवली नाही. दुरुस्त करून विकून टाकली आणि एसटीचा पास काढला.

मला कुणीच काही बोललं नाही. मामा नाही, मामी नाही, आई नाही. ते जास्त वाईट होतं. मी तेव्हा मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवर रात्री बसून एअरबॅगबद्दल मिळेल ते वाचत सुटले. धडक सेन्सरला कळल्यापासून ती साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते. आपली पापणी लवायला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. ती बेल्टला पर्याय नाही, बेल्टच्या जोडीला आहे. बेल्ट शरीर धरून ठेवतो आणि एअरबॅग डोकं आणि छाती स्टिअरिंगपासून वाचवते. एवढ्या वर्षांत मला शून्य ते शंभर पाठ होतं. शंभर ते शून्य काय असतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

असो. शोरूमकडे वळू या.

फ्रीलान्स पत्रकार म्हणजे एक दिवस जुन्नर, एक दिवस इंदापूर, आणि परतीच्या शेवटच्या एसटीमागे धावणं. चार वर्षं पैसे साठवले होते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची. माझं बजेट जिथे अडकून बसलं होतं तिथून सुटलं. आईला फोन केला. आईने मामाला केला. मामा शनिवारी सकाळी स्वारगेटला हजर!

‘अरे, तू कशाला आलास एवढ्या लांब?’

‘बघायला. पोरगी गाडी घेतीय आणि मामा घरात बसून ऱ्हाईल व्हय?’

शोरूममध्ये ही गर्दी. दसरा होऊन गेलेला, पाडवा यायचाय, त्यात जीएसटी कमी झालेला. जणू वडापाव घ्यायला आल्यासारखी माणसं गाड्या घेत होती. ब्लेझर घातलेला एक पोरगा हसत आला आणि थेट मामाला म्हणाला, ‘या सर, कुठलं मॉडेल बघायचं?’

‘तिला विचारा,’ मामा म्हणाला. ‘गाडी तिला घ्यायचीय. मी आपला बसायला आलोय.’

पोराने माझ्याकडे बघितलं. ‘ओके मॅडम. कलर कुठला आवडेल?’

हे माझ्याबाबतीत चौदापैकी अकरा वेळा झालंय. मी शांतपणे विचारलं, ‘या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे की चेन?’ तो म्हणाला, ‘मॅडम, बेल्ट सगळ्या सीटना आहेत.’ मामा खोकल्याचं नाटक करून दुसरीकडे बघायला लागला.

पण पोरगा वाईट नव्हता हो. त्यालाही टार्गेट असणार. तो मला दोन गाड्यांपाशी घेऊन गेला. मॉडेल एकच, व्हेरियंट दोन, किमतीत फरक जेमतेम सात हजारांचा.

पहिली स्पेशल एडिशन. सनरूफ, काळे अलॉय, दहा इंची टचस्क्रीन, सीटला लाल शिलाई. एअरबॅग दोन. ही ताबडतोब मिळणार होती, पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी पक्की. दुसरी साधी. स्टीलची चाकं, त्यावर प्लास्टिकच्या कॅप, छोटी स्क्रीन, राखाडी सीट. पण एअरबॅग सहा, ईएससी, मागच्या तिन्ही सीटना थ्री पॉइंट बेल्ट. हिला दहा आठवडे वेटिंग.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? एवढं सगळं झाल्यावर?

मीही तेच म्हटलं असतं. पण मी त्या स्पेशल एडिशनमध्ये बसले, पोराने बटण दाबलं, वरचं छत सरकलं आणि शोरूमचे सगळे दिवे माझ्या मांडीवर आले. लाल शिलाईवरून बोट फिरवलं. इन्स्टावर फोटो कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आलं. आईला पाडव्याला दारात गाडी हवी होती, पूजेचं ताटसुद्धा तिने मनात लावून ठेवलं असणार. डोक्यात गणित सुरू झालं : दोन तर आहेतच की! चालकाची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, शेजारच्याचीही २०२१ संपता संपता झाली. सहा सक्तीच्या करायचा विचार होता, तोही सरकारने २०२३ मध्ये सोडून दिला. म्हणजे दोन पुरत असणार. मी तरी कुठे रेस लावणारे?

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मला एकदम गरम व्हायला लागलं. एसी जोरात चालू होता तरी.

मामा कुठे दिसेना. बघितलं तर तो त्या साध्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला. दार लावून. एकटाच. मधला बेल्ट ओढून बघत होता. मी जाऊन शेजारी बसले.

‘ह्याला मधीपण खांद्यावरचा पट्टा हाय,’ मामा म्हणाला. ‘आपल्या गाडीत नुसता कमरंचा होता.’

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर देशभर चर्चा झाली होती. तोवर मागे बसून बेल्ट लावणाऱ्याला लोक हसायचे. आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

तिथे, त्या बंद गाडीत, मी मामाला सांगून टाकलं. आठ वर्षं सांगायचं राहिलं होतं ते. की ती क्रॅश टेस्टची बातमी मी वाचली होती. की शून्य तारे मला माहीत होते. की तरीही मी अलॉय म्हणाले. सांगताना बाहेर एका कुटुंबाला गाडीची किल्ली देत होते. भली मोठी पुठ्ठ्याची किल्ली, वर गुलाबी रिबन, सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी आत नाक पुसत होते.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तुला काय वाटतं, सतरा वर्षांच्या पोरीचं ऐकून मी गाडी घेतली?’

मी बघतच राहिले.

‘आगं, पंचेचाळीस हजार नव्हतेच माझ्याकडं. कर्जाचा हप्ता बसत नव्हता. तू म्हणालीस नको, तवा मला बरंच वाटलं. मामीला सांगायला कारण गावलं. पोरीला गाड्यांतलं कळतं, तीच नको म्हणाली.’

‘आणि अलॉय?’

‘ते तेरा हजारांत बसले. ती हौस होती माझी. तुझी कशाला?’

आठ वर्षं मी जे ओझं माझं म्हणून वागवत होते, त्यातलं अर्धं मामाचं निघालं. आणि त्याने ते अगदी सहज, वाण्याच्या उधारीसारखं परत मागून घेतलं. हलकं वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? पण तो राग नेमका कुणावर काढायचा, हे कळेना. पंचेचाळीस हजार नसणाऱ्या माणसावर? की जीव वाचवणारी गोष्ट सीट कव्हरच्या यादीत ठेवणाऱ्या त्या काळावर? बँकेतल्या क्लार्कला ऐन दसऱ्याच्या गर्दीत ‘जबडा की हप्ता’ असं निवडायला लागलं, आणि कायद्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती निवड त्याच्यापुढे ठेवायलाच नको होती.

‘आता तुझ्याकडं हायेत ना?’ मामाने विचारलं.

‘काय?’

‘पैसे.’

‘आहेत.’

‘मग?’

पुढचं सगळं भराभर झालं. टेस्ट ड्राइव्ह घेतली. साध्या गाडीचीच. पोरगा शेजारी, मामा मागे, बेल्ट लावून. शोरूमवाल्यांचा रूट म्हणजे तीन किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता. मी विनंती करून खड्ड्यांच्या गल्लीत वळवली. रिकाम्या जागी, मागे कुणी नाही बघून, सांगून सवरून एकदा कच्चकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. आरशात बघितलं. मामाने पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. मग त्याने एक डोळा उघडला. ‘बरी हाय,’ म्हणाला.

मग कागदपत्रं. ‘मॅडम, सॅलरी स्लिप?’

‘मी फ्रीलान्सर आहे.’

‘म्हणजे सध्या जॉब बघताय?’

सॅलरी स्लिप नसलेल्यांनो, तीन वर्षांचे आयटी रिटर्न्स फाइलला लावून न्या. बँकेला तेच लागतात.

कोटेशन आलं. एक्स शोरूम आठ लाख नव्वद हजार. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९७,९००. तिथे घासाघीस नाही. बाकीच्या ओळींवर मात्र मी पेन घेऊन बसले. ‘हँडलिंग चार्जेस’ म्हणजे नक्की काय हँडल करता, असं विचारलं, ते गेले. टेफ्लॉन कोटिंग, मड फ्लॅप, ‘एसेन्शियल किट’ गेलं. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन मी फोनवर काढून दाखवलं. थर्ड पार्टी तर सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे आकडे नीट बघायचे. एकूण बावीस हजार कमी झाले. मग मी हेही लिहून घेतलं की रजिस्ट्रेशनच्या आधी गाडी यार्डात बघायला मिळेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते बघायचे, ओडोमीटर बघायचं, चॅसिस नंबर कागदाशी ताडायचा. एकदा गाडी आपल्या नावावर झाली की मग भांडण अवघड असतं.

पोरगा आता मला ‘मॅडम’ जरा वेगळ्या सुरात म्हणत होता. जाता जाता त्याने हळूच विचारलं, ‘मॅडम, तुम्ही खरंच स्पेशल एडिशन नाही घेणार? तुमच्या वयाचे सगळे तीच घेतात. वर सनरूफ असताना सहा एअरबॅग कुणी विचारत नाही.’

मी उत्तर शोधत होते. मामाने कॉफीबरोबर आलेल्या बिस्किटाचा छोटा तुकडा मोडला, कॉफीत बुडवला आणि तोंडाच्या एका बाजूने हळू खाल्ला.

‘कराडात ऊन लई असतं,’ तो म्हणाला. ‘छत असलेलं बरं.’

बुकिंगचे अकरा हजार भरले. आईला फोन करून सांगितलं की पाडव्याला गाडी येत नाही, डिसेंबरात येईल. आई पाच सेकंद गप्प. मग म्हणाली, ‘मामा काय म्हणतोय?’ मी फोन मामाला दिला. तो बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, ‘तिला सांगितलं, पाडवा पुढल्या साली पण हाय.’

आणि मग आम्ही, दहा लाखांची गाडी बुक करून, बाहेर पार्क केलेल्या माझ्या स्कूटीपाशी आलो. डिकीतून दुसरं हेल्मेट काढून मामाला दिलं. पुण्यात मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालणं म्हणजे जवळपास समाजविघातक कृत्य! शेजारून जाणारे दोघे आजोबा खरंच वळून बघत होते. मामाने हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा हनुवटीखाली आला तसा जरा थांबला, जबडा डावीकडे-उजवीकडे हलवून जागा केली आणि मग खटका लावला.

‘चल,’ म्हणाला. ‘स्वारगेटला सोड. आणि डिसेंबरात घ्यायला ये. गाडी घेऊन.’

‘पुढे बसशील?’

सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवायला लागले होते, आणि हेल्मेटमधून त्याचं उत्तर मला काही नीट ऐकू आलं नाही. ‘बघू’ म्हणाला असावा. मामाच्या भाषेत ‘बघू’ म्हणजे नाही नसतं.